बोटभर फोमला शहाणा मासा भुलतो कसा?

प्रश्न : मुलगी अमेरिकेत मोन्टानाला असते. जूनअखेर तिने मॅडिसन नदीवरचा व्हिडिओ पाठवला. जावयांनी गळाला बोटभर लांबीचा, नारिंगी फोमचा, रबरी पायांचा किडा लावला होता. तो पाण्यावरून तरंगत गेला आणि एका ट्राउटने गपकन गिळला. ट्राउट फार चाणाक्ष मासा, असं ऐकून होतो. मग असल्या खेळण्याला तो फसतो कसा? आणि आपल्या कृष्णेत हे जमेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : जावयांचं खेळणं ओबडधोबड दिसलं, तरी त्यामागे हिशेब आहे. ज्या किड्याची ती नक्कल आहे, तो त्या दिवसांत मॅडिसनच्या काठावर खरोखरच असतो आणि तोही काही सुबक नसतो. त्याला 'सॅमनफ्लाय' म्हणतात. लांबी जवळजवळ पाच सेंटिमीटर, पोट नारिंगी, उडणं धडपडत. पंख फुटण्याआधीची तीन-चार वर्षं हा किडा नदीच्या तळाशी, दगडांच्या सांदीत, कुजकी पानं खात काढतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी साधारण 12-13 अंश सेल्सिअसला आलं की हजारोंच्या संख्येने हे किडे काठाकडे सरपटतात, दगडांवर आणि वाळुंजाच्या झुडपांवर चढतात, कात टाकतात आणि पंख पसरतात. पाणी खालच्या बाजूला आधी तापतं, म्हणून ही लाट रोज थोडी थोडी वरच्या अंगाला सरकत जाते. एका ठिकाणी सगळा खेळ काही दिवसांचाच.

पुढचं गणित माशाचं. एरवी ट्राउट मिलिमीटरांत मोजावेत असे किडे टिपत असतो. तेवढ्यासाठी मोठ्या माशाने प्रवाहाशी झुंजत पृष्ठभागापर्यंत येणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. पण फांदीवरून पडलेला किंवा अंडी घालायला पाण्यावर उतरलेला एक सॅमनफ्लाय म्हणजे अख्खं जेवण. म्हणून एरवी खोल पाण्यात दडून बसणारे थोराड मासेही या दिवसांत काठालगत, झुडपांच्या सावलीत, गुडघाभर पाण्यात येऊन थांबतात.

आता फसण्याबद्दल. आपण तो किडा वरून, उजेडात पाहतो. मासा खालून पाहतो. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे माशाला वरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतूनच दिसतं. मासा 30 सेंटिमीटर खोल असेल, तर या खिडकीचा व्यास सुमारे 68 सेंटिमीटर. तो वर येत 10 सेंटिमीटरवर पोचला की जेमतेम 23. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो, त्यात नदीचा तळच उमटलेला असतो. त्यामुळे तरंगत येणाऱ्या किड्याचं अंग त्याला आधी दिसतच नाही. दिसतात त्या पायांनी पाण्याच्या पापुद्र्यावर पाडलेल्या खळ्या. रबरी पाय लावतात ते एवढ्याचसाठी. रंग आणि पंख दिसेपर्यंत किडा तोंडाशी आलेला असतो, आणि धावत्या पाण्यात निरखून पाहायला सवड नसते.

हा किडा बुडत नाही, कारण फोमच्या बंद कप्प्यांत हवा असते. फोम सर्रास वापरात येण्याआधी हरणाचे आणि एल्कचे आतून पोकळ केस हेच काम करत, आणि आजही करतात. अशा तरंगत्या नकली किड्यांना 'ड्राय फ्लाय' म्हणतात. त्यांची नावंही मजेशीर आहेत : एक 'सोफा पिलो', तर एक चक्क 'चबी चेर्नोबिल'.

ट्राउट चाणाक्ष आहे तो इथे : त्याला आकारापेक्षा चाल पटकन खटकते. या प्रकारात गळाला वजन नसतं. जाड, जड दोरी हवेत खेळवून तिच्या वजनावर किडा फेकतात. दोरी पाण्यावर पडली की मधला वेगवान प्रवाह तिचा पोटाकडचा भाग पुढे ओढतो, दोरी ताणली जाते आणि काठाजवळचा किडा पाणी कापत फरफटतो. मागे उमटणारी इंग्रजी 'व्ही'सारखी रेघ दिसली की मासा तोंड फिरवतो. व्हिडिओ पुन्हा पाहा. फेक झाल्याबरोबर जावयांनी काठीचं टोक उचलून दोरीचा मधला भाग प्रवाहाच्या उलट दिशेला टाकला असेल. मासा लागला तो त्या झटक्यामुळे. अर्थात एकदा गळाला लागून सुटलेला मासा ताकही फुंकून पितो. लाट ओसरत आली की पोट भरलेले आणि तोंड पोळलेले मासे या मोठ्या किड्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

राहिली कृष्णा. तिथे हे जमणार नाही, कारण ट्राउटच नाही. त्याला थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. मोन्टानातसुद्धा पाणी सलग तीन दिवस 73 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे 23 सेल्सिअसपर्यंत गेलं, की साधारणपणे दुपारी दोन ते मध्यरात्र मासेमारी बंद ठेवतात; तापलेल्या पाण्यात दमवलेला मासा सोडून दिला तरी जगेलच असं नाही. आपल्याकडे मैदानी नद्या उन्हाळ्यात त्याहून कितीतरी जास्त तापतात.

भारतात ट्राउट इंग्रजांनी आणला. काश्मीरची लिडर आणि हिमाचलची तीर्थन या नद्यांत तो आजही आहे. मत्स्य विभागाचा परवाना काढून पकडता येतो. जावई सुट्टीवर आले तर तिकडे घेऊन जा. मात्र सॅमनफ्लाय हा पश्चिम अमेरिकेचा रहिवासी, हिमालयात त्याला कुणी ओळखत नाही. तेव्हा काठावर काय उडतंय ते आधी दहा मिनिटं पाहावं, मगच किड्यांची डबी उघडावी.