आधी बंद करायला शिकव

अरे, परवा फोनवर तू म्हणालास की बोर्ड आला, रिले आले, चार व्हॉल्व्ह आले, आता रविवारी सगळं जोडून टाकतो. हे एका रविवारचं काम नाही, आणि घाईचं तर मुळीच नाही. साताऱ्याच्या घरामागच्या बागेत माझं आपोआप पाणी सोडणारं यंत्र सहा वर्षं चाललंय. आयटीआयमध्ये मुलांना वायरिंग शिकवण्यात माझी हयात गेली, तरी वीज आणि पाणी एकाच खटाटोपात आणायची वेळ आली तेव्हा मला बरंच नव्याने शिकावं लागलं. ते सगळं तुला सांगते. नीट बसून वाच.

सगळ्यात आधी हे मनात पक्कं कर. पाणी सुरू कसं होईल हे नंतर बघायचं, बंद कसं होईल हे आधी. सुरू झालं नाही तर फार तर एक दिवस झाडं माना टाकतात, संध्याकाळी झारीने भागतं. बंद झालं नाही तर टाकी जाते, मोटर जाते, शेजाऱ्याच्या भिंतीला ओल येते.

माझ्याकडे हे झालंय. मे महिना होता. घरातल्या छोट्या कॉम्प्युटरवरून पहाटे पाच वाजता ‘चालू’ असा निरोप बोर्डाला जायचा आणि दहा मिनिटांनी ‘बंद’ असा. त्या दिवशी ‘चालू’ गेला आणि मधेच वायफायचा राउटर बंद पडला. ‘बंद’ पोचलाच नाही. मी सातला मागच्या दारी आले तर हजार लिटरची टाकी रिकामी, मोगऱ्याची आळी भरून वाहतायत आणि प्रेशर पंप कोरडाच फिरतोय. पंपाचं सील जळलं. चूक माझी होती. बंद करायची जबाबदारी मी दूरच्या यंत्रावर टाकली होती. ती बोर्डाच्या स्वतःच्या डोक्यात असायला हवी.

बोर्डावर तू टास्मोटा हे फर्मवेअर टाकणार असशील तर त्यात पल्सटाइम नावाची सोय आहे. पहिल्या रिलेला पल्सटाइम ७०० दिलास की दहा मिनिटांनी तो आपोआप सुटतो, मग वायफाय असो नसो. आकड्यातून शंभर वजा केले की उरलेले सेकंद, असा त्याचा हिशेब आहे. सोबत पॉवरऑनस्टेट शून्य ठेव, म्हणजे लाइट जाऊन आली की सगळे रिले बंदच राहतील. त्याऐवजी ईएसपीहोम वापरलंस तर प्रत्येक स्विचला रिस्टोर मोड ‘ऑलवेज ऑफ’ कर आणि वेळ मोजायचं काम बोर्डावरच ठेव. लाइट जाते-येते हे आपल्याकडे गृहीतच धरायचं. मग बोर्ड लाव, मेन स्विच पाडून पुन्हा चढव, दहा वेळा कर. दहाही वेळा एकही रिले चिकटला नाही तरच पुढे जा.

आता पाण्याकडे वळ. मुलं कोडपासून सुरुवात करतात, मी बादलीपासून करायला सांगते. ज्या तोटीवरून बागेची लाइन काढणार, तिच्याखाली वीस लिटरची बादली ठेव आणि घड्याळ लाव. तीस सेकंदांत भरली तर मिनिटाला चाळीस लिटर मिळतात. एका वेळी किती स्प्रिंकलर चालतील हे या आकड्यावर ठरतं. नोझलच्या खोक्यावर प्रत्येकाचा खप लिहिलेला असतो. बेरीज कर आणि थोडं हातचं राखून ठेव.

दाबाचं गणित तर त्याहून महत्त्वाचं. तुमची टाकी गच्चीवर आहे. बागेच्या जमिनीपासून टाकीतल्या पाण्यापर्यंत समजा सहा मीटर उंची आहे. दहा मीटरला साधारण एक बार दाब, म्हणजे तुझ्या हाती ०.६ बार. जमिनीतून वर येणाऱ्या फवाऱ्याच्या स्प्रिंकलरला दोन बारच्या आसपास लागतात. नुसत्या टाकीवर तो भिजल्या कोंबडीसारखा बसून राहील. शिवाय तू घेतलेल्या व्हॉल्व्हच्या पोटात रबरी पडदा असतो, आणि तो पडदा उघडण्या-मिटण्याचं काम पाण्याच्याच दाबाने होतं. कॉइल फक्त एक बारीक भोक उघडते. दाब पुरेसा नसेल तर व्हॉल्व्ह धड उघडत नाही आणि धड मिटतही नाही. मग माणूस महिनाभर कोडमध्ये चूक शोधत बसतो.

म्हणून लॉनसाठी प्रेशर पंप बसव. कुंड्या आणि आळी ठिबकवर टाक, तिथे कमी दाबावर भागतं. दुकानदार तुला मोटरवर फिरणारा बॉल व्हॉल्व्ह सुचवेल. कमी दाबावर तो चालतो खरा, पण साध्या प्रकारातला लाइट गेली की आहे तिथेच थांबतो, म्हणजे उघडा असेल तर उघडाच. वीज गेल्यावर आपोआप मिटणारा प्रकार मिळतो, पैसे जास्त पडले तरी तोच घे.

पंप थेट रिलेवर कधी घेऊ नकोस. रिलेवर दहा अँपिअर छापलेलं असतं आणि एक एचपीची सिंगल फेज मोटर सहा-सात घेते, त्यामुळे चालेल असं वाटतं. पण मोटर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट करंट ओढते आणि रिलेचे पॉइंट एकमेकांना चिकटतात. चिकटलेला रिले कुठल्याही कोडने सुटत नाही. रिलेने कॉन्टॅक्टर ओढायचा आणि कॉन्टॅक्टरने मोटर. त्या लाइनवर तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच, आणि २३० व्होल्टचं जोडकाम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घे. तुझा हात चांगला आहे हे मला माहीत आहे, तरीही. ओल्या पायांनी बागेत वहिनी फिरते.

रिलेबद्दल एक बारकी गोष्ट सांगते, ती बहुतेकांना ठेच लागल्यावरच कळते. बाजारातले निळे रिले बोर्ड बहुतेक उलटे चालतात: पिनवर शून्य दिलं की ओढतात, वर नेली की सोडतात. आता रिले बोर्डाला तू पाच व्होल्ट देणार आणि तुझ्या ईएसपी ३२ बोर्डाची पिन वर गेली तरी ३.३ च देणार. या फरकामुळे कधी कधी आतला दिवा मिणमिणत राहतो आणि रिले सुटतच नाही. म्हणजे पुन्हा तेच, पाणी बंद होत नाही. बोर्डावर ‘जेडी-व्हीसीसी’ लिहिलेला छोटा जंपर दिसेल. तो काढ. जेडी-व्हीसीसीला पाच व्होल्ट दे आणि शेजारच्या व्हीसीसीला ३.३. मग तो स्वच्छ सुटतो.

पिनाही निवडून घे. बोर्ड उठताना काही पिना आपोआप वर-खाली होतात आणि रिले टकटकतात. बारा नंबरची पिन उठताना वर ओढलेली असली तर बोर्ड सुरूच होत नाही. मी २५, २६, २७ आणि ३३ वापरते. मातीची ओल मोजणाऱ्या सेन्सरला ३४ दे, कारण काही पिनांवर वायफाय चालू असताना अॅनालॉग वाचन मिळत नाही.

बागेचे व्हॉल्व्ह २४ व्होल्ट एसीवर चालतात. त्याच ट्रान्सफॉर्मरवरून बोर्डालाही वीज द्यावी असा मोह होईल. पण २४ एसी रेक्टिफाय केलं की चौतीसच्या आसपास डीसी होतं, आणि ट्रान्सफॉर्मरवर भार नसताना त्याहूनही वर चढतं. व्होल्ट उतरवायला आपण वापरतो त्या एलएम २५९६ ची मर्यादा चाळीसची आहे. कशाला इतकं काठावर चालायचं? बोर्डाला पाच व्होल्ट, दोन अँपिअरचा वेगळा अॅडॉप्टर दे. स्क्रीनवर ‘ब्राउनआउट’ हा शब्द दिसायला लागला तर आधी अॅडॉप्टर आणि केबल बदलून बघ, वायफाय लागताना वीज कमी पडतेय असा त्याचा अर्थ. आणि व्हॉल्व्ह सुटताना बोर्ड रिसेट होत असेल तर प्रत्येक कॉइलला समांतर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची जोडी लाव. कॉइल डीसी असेल तर साधा १एन ४००७ डायोड उलटा लावून भागतं.

घड्याळाचा एक दोष मी आता ऐकूनच ओळखते. सकाळी सहाला लावलेलं पाणी साडेअकराला सुटतंय? मग बोर्ड ग्रीनिचच्या वेळेवर चालतोय. साडेपाच तासांचा फरक, म्हणजे १९८०० सेकंद, सेटिंगमध्ये भरायचा राहिलाय. इंटरनेट नसतानाही वेळ टिकावी म्हणून डीएस ३२३१ चं घड्याळ जोड. फक्त एक बघ: त्या स्वस्त मॉड्यूलवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं, आणि आपण टाकतो तो सीआर २०३२ चार्ज होणारा सेल नाही. चार्जिंगच्या वाटेतला तो छोटा डायोड किंवा रेझिस्टर झाळून काढून टाक, नाहीतर सेल फुगतो.

आता मातीचं. काट्यासारखे दोन धातूचे पाय असलेला सेन्सर घेऊ नकोस, ते पाय गंजून जातात. कपॅसिटिव्ह घे आणि त्याच्या वरच्या उघड्या भागाला, पट्टीच्या कडांनाही, नेलपॉलिशचे दोन-तीन हात दे. आधी कोरड्या हवेत वाचन घे, मग पाण्यात रेघेपर्यंत बुडवून घे, आणि दोन्ही आकडे लिहून ठेव. तुमच्याकडे नाशिकला माती काळी. ती सुकली की भेगाळते, सेन्सरभोवती पोकळी पडते आणि तो हवेलाच माती समजून ‘कोरडं, कोरडं’ म्हणत राहतो. म्हणून त्याच्या एकट्याच्या शब्दावर पाणी सोडायचं नाही. चार बोटं खोल माती उकर, मुठीत दाब. लाडू वळला आणि बोटाने टोकल्यावर मोकळा झाला तर वाफसा आहे, पाण्याची गरज नाही. दोन आठवडे रोज सकाळी हे कर आणि शेजारी सेन्सरचा आकडा लिही. वाफसा कुठल्या आकड्याला असतो हे तुझ्या मातीपुरतं तुलाच कळेल.

काळी माती पाणी सावकाश पिते. सलग पंधरा मिनिटं सोडलंस तर अर्धं पाणी फरशीवरून वाहून जाईल. पाच मिनिटं सोड, अर्धा तास मुरू दे, पुन्हा पाच. पहाटे सोड, तेव्हा वारा पडलेला असतो. लॉनवर उभ्या कडांचे सहा-सात सारखे डबे ठेवून पाणी कुठे किती पडतंय ते पट्टीने मोज. एका डब्यात चार मिलिमीटर आणि दुसऱ्यात बारा निघाले तर आधी नोझल साफ कर. बोअरच्या पाण्याने क्षार धरतात, रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवलं की सुटतात. पावसाळ्यात तोच डबा पाऊस मोजायला ठेव. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. जून ते सप्टेंबर मी तर वेळापत्रकच बंद ठेवते आणि उघडीप लांबली तरच हाताने सोडते.

बिघाड झाला की लॅपटॉप उघडायचा नाही, व्हॉल्व्हपाशी जाऊन बसायचं. समज, तीन नंबरला पाणी येत नाहीये. मेन चावी उघडी आहे का बघ. मग व्हॉल्व्हवरची कॉइल हाताने पाव फेरा सैल कर. पाणी आलं तर नळ, दाब, पडदा सगळं ठीक आहे, दोष विजेचा. कॉइल पुन्हा घट्ट कर, घरातून कोणालातरी तीन नंबर चालू करायला सांग आणि कॉइलवर बोट ठेव. वीज पोचत असेल तर बारीक गुणगुण बोटाला लागते. लागली नाही तर पेटीपाशी जा, रिले टक् म्हणाला का ऐक, टर्मिनलवर २४ व्होल्ट आहेत का मोज. व्होल्ट आहेत पण कॉइलपाशी नाहीत, तर वायर. मग वीज बंद करून पेटीतल्या त्या दोन वायरी सोडव आणि त्यांच्यात ओहम मोज. साधारण वीस ते साठच्या मध्ये आले तर कॉइल चांगली. मीटर काहीच दाखवत नसेल तर कुठेतरी तुटलंय, बहुतेक कुदळीने. दोन-चार ओहमच आले तर कॉइल जळलीय किंवा जोडात पाणी शिरलंय. जमिनीतले जोड नुसत्या टेपने गुंडाळू नकोस, पहिल्याच पावसाळ्यात ते हिरवे पडतात. जेल भरलेले कनेक्टर मिळतात, ते वापर.

आणि व्हॉल्व्ह मिटतच नसेल, तर दहातल्या नऊ वेळा पडद्याखाली खडा असतो. मेन चावी बंद कर, वरचे स्क्रू काढ, पडदा अलगद उचल. एकदा माझ्या हाती तिळाएवढी वाळूची कणी आली होती, तिच्यापायी चार दिवस नळ ठिबकत होता. पडद्याचं बारीक भोक फुंकून मोकळं कर, सगळं धुवून बसव, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळ. नव्याने बसवलेला मिटत नसेल तर अंगावरचा बाण बघ, उलटा बसवला असशील. व्हॉल्व्हच्या आधी १२० मेशचा फिल्टर टाकलास आणि पंधरवड्याला धुतलास तर ही वेळ क्वचितच येईल.

पेटी जमिनीपासून कमरेएवढी उंच लाव, सगळ्या वायरी खालून ग्लँडमधून घे. न वापरलेलं प्रत्येक भोक बुजव. पावसाळ्यात मुंग्या अंडी घेऊन कोरडी जागा शोधतात आणि रिलेच्या उबेला येऊन बसतात. पालही येते.

शेवटचं काम पेनाने करायचं. पेटीच्या झाकणाला आतून एक पुठ्ठा चिकटव. कुठल्या रंगाची वायर कुठल्या व्हॉल्व्हची, कुठली पिन कुठल्या रिलेची, प्रत्येक कॉइलचे नव्या असतानाचे ओहम, हे सगळं त्यावर लिही. आणि व्हॉल्व्हच्या आधीची जी मेन चावी आहे तिचा दांडा लाल रंगव. वहिनीला एकदा तिथे नेऊन तिच्याच हाताने ती फिरवून घे. तू गावाला असशील, फोन लागत नसेल आणि पाणी वाहत असेल, तेव्हा तिला ती लाल चावी माहीत हवी.