ॲम्ब्युलन्सचे बिल आणि विम्याचा वाद : दोन तक्रारी, दोन दरवाजे

माल ट्रकमध्ये चढला की आपला व्यापारी बिल्टी हातात पडल्याशिवाय गाडी हलू देत नाही. भाडे किती ठरले, आगाऊ किती दिले, माल उतरल्यावर किती द्यायचे, हे सगळे तो लिहून घेतो. पण घरातल्या माणसाच्या छातीत रात्री दोन वाजता कळ आली, डॉक्टरांनी "ताबडतोब मोठ्या रुग्णालयात हलवा" असे सांगितले, की हाच व्यापारी मिळेल ती गाडी करतो, पुढे केलेल्या कागदावर सही करतो आणि निघतो. यात त्याचा दोष नाही. त्या वेळी जीव वाचवणे हेच पहिले काम असते. मात्र अल्लाहच्या कृपेने रुग्ण बरा होऊन घरी आला की बिलाचा वाद सुरू होतो आणि तो महिनोन्‌महिने चालतो. कारागिराच्या घरी या वादात अडकलेला पैसा हा बहुधा धंद्यातलाच असतो. कुणाचे सुताचे देणे थांबते, कुणाची कारागिरांची मजुरी थांबते.

या वादात आपली माणसे बहुधा एकच चूक करतात. गाडीवाल्याने जास्त पैसे लावले याचा राग विमा कंपनीवर काढतात, आणि कंपनीने पैसे कापले म्हणून गाडीवाल्याचे देणे अडवतात. खरे तर हे दोन स्वतंत्र वाद आहेत. दोघांचे कागद वेगळे, कायदा वेगळा आणि दाद मागण्याचा दरवाजाही वेगळा. हे वेगळेपण एका उदाहरणावरून समजून घेऊ.

समजा असे घडले

समजा, मालेगावातील एका लहान यंत्रमाग कारखानदाराला हृदयविकाराचा झटका आला. जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला, इंजेक्शने दिली आणि तेथूनच बोलावलेल्या खासगी कार्डियाक ॲम्ब्युलन्सने त्याला सुमारे शंभर किलोमीटरवरच्या नाशिकला नेले. मुलाच्या हाती एका ओळीचे बिल आले : 'मालेगाव ते नाशिक, कार्डियाक ॲम्ब्युलन्स, २५,९६० रुपये.' मुलाने दहा हजार दिले आणि बाकीचे विम्यातून मिळाले की देतो म्हणाला. घरात तीन लाखांची 'आरोग्य संजीवनी' पॉलिसी होती. नाशिकच्या रुग्णालयाचे बिल बरेचसे मंजूर झाले, पण ॲम्ब्युलन्सपोटी कंपनीने मंजूर केले फक्त १,९०० रुपये. मुलगा संतापला. तिकडे गाडीवाला रोज फोन करू लागला : "तुमच्या विम्याशी मला काय करायचे? माझे पैसे द्या."

गाडीवाल्याचे म्हणणे बरोबर आहे. करार त्याच्यात आणि आपल्यात झाला, विमा कंपनी त्यात नव्हती. म्हणून आधी त्याचा हिशेब पाहू.

पहिला दरवाजा : गाडीवाला

(१) बिल फोडून मागा. एका ओळीचे बिल म्हणजे बिल नव्हे. गाडीभाडे किती, किलोमीटर किती, सोबत डॉक्टर असल्यास त्याचे किती, औषधे कोणती, हे वेगवेगळे लिहून मागावे. त्यावर गाडीचा नंबर, तारीख, निघण्याची व पोहोचण्याची वेळ, रुग्णाचे नाव आणि मालकाची सही असावी. आपल्या उदाहरणात बिल फोडल्यावर असे निघाले : गाडीभाडे १४,०००, सोबतचा डॉक्टर ५,०००, पहिल्या दवाखान्यातील ईसीजी व इंजेक्शने ३,०००, आणि या २२,००० वर १८ टक्के जीएसटी ३,९६०.

(२) जीएसटी तपासा. रुग्णाला ॲम्ब्युलन्समधून नेण्याची सेवा जीएसटीतून मुक्त आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी केलेल्या उपचारांनाही ही सूट आहे. म्हणजे या बिलावर ३,९६० रुपयांचा कर लागूच होत नाही. जीएसटीची विवरणपत्रे भरणाऱ्या आपल्या व्यापाऱ्याने ही ओळ सर्वांत आधी पाहिली पाहिजे.

(३) भाड्याचा तक्ता पाहा. खासगी ॲम्ब्युलन्सचे भाडे गाडीच्या प्रकारानुसार ठरवून देण्याचे काम प्रादेशिक परिवहन प्राधिकरण करते. कोविडच्या काळात अव्वाच्या सव्वा भाडी घेतली गेली, तेव्हा सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांना वाजवी दर ठरवण्यास सांगितले होते. आपल्या जिल्ह्याचा तक्ता आरटीओ कार्यालयात मागावा. भाडे त्याहून जास्त असेल तर बिलाची प्रत जोडून तेथेच लेखी तक्रार करावी.

(४) गाडी कोणती आली ते पाहा. केवळ रुग्ण नेणारी गाडी, प्राथमिक जीवरक्षक सोय असलेली गाडी आणि व्हेंटिलेटर, मॉनिटर असलेली प्रगत गाडी हे वेगवेगळे प्रकार आहेत आणि त्यांचे दरही वेगळे आहेत. साधी व्हॅन पाठवून कार्डियाक गाडीचे भाडे लावले असेल तर तो आपल्या तक्रारीचा भक्कम मुद्दा ठरतो. मात्र त्यासाठी त्या रात्रीच गाडीचा, नंबर प्लेटसह, मोबाईलवर एक फोटो काढून ठेवलेला असावा.

एवढे तपासून जी रक्कम वाजवी ठरेल ती मात्र गाडीवाल्याला देऊन टाकावी. विम्याचे पैसे येवोत वा न येवोत, त्याचे डिझेल जळाले आहे आणि त्याचा ड्रायव्हर रात्रभर जागला आहे. ऐपत असून देणे लांबवणे हा जुलूम आहे, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. एकरकमी जमत नसेल तर हप्ते ठरवावेत, ते लिहून घ्यावेत आणि शेवटच्या हप्त्यानंतर 'येणे बाकी नाही' अशी पावती घ्यावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकराहच्या २८२ व्या आयतीत आहे. तो दुकानाइतकाच इथेही लागू आहे.

दुसरा दरवाजा : विमा कंपनी

येथे एक खुलासा केला पाहिजे. व्यापारी तत्त्वावरील विम्याच्या शरई बाजूबद्दल उलमांची मते आपल्याला माहीत आहेत. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८५ साली ठराविक हप्त्याचा व्यापारी विमा नाजायज ठरवून सहकारी विम्याचा पर्याय मांडला होता. पॉलिसी घ्यावी की नाही हे प्रत्येकाने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारून ठरवावे. हा लेख ज्यांच्याकडे पॉलिसी आहे, किंवा नोकरीमुळे वा कर्जामुळे ज्यांना ती मिळाली आहे, त्यांच्यासाठी आहे.

आता उदाहरणाकडे वळू. कंपनीने मुलाला फसवले का? पॉलिसी उघडून वाचली तर उत्तर मिळते. आरोग्य संजीवनी ही १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांकडे एकाच नमुन्यात मिळणारी पॉलिसी आहे. तिच्यात रस्त्याने नेणाऱ्या ॲम्ब्युलन्सचा खर्च एका वेळच्या भरतीसाठी जास्तीत जास्त २,००० रुपये, अशी मर्यादा आहे. शिवाय मंजूर दाव्याच्या ५ टक्के रक्कम विमेदाराने सोसायची असते. म्हणून दोन हजारांतून शंभर वजा झाले आणि १,९०० आले. विमा तीन लाखांचा असला तरी रस्त्यासाठी त्यात दोन हजारच आहेत. इतर पॉलिसींमध्येही अशी वेगळी मर्यादा बहुधा असते. विमानाने रुग्ण नेण्याचा खर्च तर लाखांत जातो आणि तो साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही. त्यासाठी पॉलिसीत वेगळे कलम असावे लागते.

मर्यादेएवढे पैसे मिळाले असतील तर तेथे भांडून काही मिळणार नाही. वेळ आणि जाण्यायेण्याचे भाडे वाया जाईल. पण पुढील गोष्टींवर मात्र दाद मागता येते :

* मर्यादेच्या आतली रक्कमही नाकारली असेल, किंवा हलवण्याची गरजच नव्हती असे कंपनी म्हणत असेल. येथे पहिल्या डॉक्टरांची चिठ्ठी उपयोगी पडते. 'येथे सोय नसल्याने तातडीने पुढे पाठवत आहे', एवढी ओळ, वेळ आणि सही पुरते.

* भरतीपूर्वीच्या उपचारांचा खर्च ॲम्ब्युलन्सच्या खात्यात अडकला असेल. आरोग्य संजीवनीत त्याच आजारासाठी भरतीपूर्वीच्या ३० दिवसांचा आणि सुटीनंतरच्या ६० दिवसांचा औषधोपचाराचा खर्च मागता येतो. आपल्या उदाहरणातील ३,००० रुपयांचे ईसीजी व इंजेक्शने यांचे स्वतंत्र बिल पहिल्या दवाखान्याच्या नावे, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घेतले तर तो दावा वेगळा करता येतो. एकाच ओळीत लिहून आणले तर मागताच येत नाही.

* केवळ उशीर झाला म्हणून दावा फेटाळला असेल. तातडीच्या भरतीची सूचना २४ तासांत आणि कागदपत्रे सुटीनंतर ३० दिवसांत द्यावीत असा आरोग्य संजीवनीचा नियम आहे आणि तो पाळावाच. पण उशिराला योग्य कारण असेल तर केवळ तेवढ्यावरून दावा नाकारू नये, अशी सूचना विमा नियामकाने २०११ सालीच कंपन्यांना दिली आहे.

* जुना आजार लपवला असा आरोप असेल. २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय या कारणावरून दावा नाकारता येत नाही. तरीही प्रस्ताव अर्जात रक्तदाब, मधुमेह खरा लिहावा. एजंट "नको लिहू" म्हणाला तरी सही आपली असते. वाढीव बिल आणून दावा करणे तर सरळ हराम आहे आणि त्यामुळे खरा दावाही बुडतो.

तक्रारीच्या पायऱ्या

पहिली पायरी : कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पॉलिसीचे कोणते कलम लावून पैसे कापले ते लेखी मागावे. टीपीएच्या माणसाशी फोनवर झालेले बोलणे पुराव्यात धरले जात नाही.

दुसरी पायरी : विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' व्यवस्थेत तक्रार नोंदवावी. ती १५५२५५ या क्रमांकावर फोन करूनही नोंदवता येते.

तिसरी पायरी : विमा लोकपाल. महिन्याभरात कंपनीचे उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर लोकपालाकडे जाता येते. आपल्या राज्यात मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. ५० लाखांपर्यंतच्या वादासाठी तेथे फी लागत नाही आणि वकीलही चालत नाही, आपले आपणच बोलायचे असते. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जावे. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र हाच वाद न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल तो घेत नाहीत.

चौथी पायरी : जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. हा दरवाजा विमा कंपनीप्रमाणेच ॲम्ब्युलन्सवाल्याविरुद्धही उघडा आहे, पण दोन तक्रारी स्वतंत्र कराव्यात.

अर्जाचा नमुना

"मा. तक्रार निवारण अधिकारी यांस, पॉलिसी क्रमांक ___, दावा क्रमांक ___. माझ्या वडिलांना दि. ___ रोजी तातडीने ___ येथून ___ येथे हलवून भरती केले. भरतीपूर्वी पहिल्या दवाखान्यात झालेला ___ रुपयांचा उपचार खर्च आपण मंजूर केलेला नाही. त्याचे स्वतंत्र बिल, डॉक्टरांची चिठ्ठी आणि पुढे पाठवल्याची नोंद सोबत जोडली आहे. पॉलिसीच्या कोणत्या कलमानुसार ही रक्कम नाकारली ते लेखी कळवावे, अन्यथा रक्कम विलंबाच्या व्याजासह द्यावी, ही विनंती."

अर्ज एवढाच पुरे. त्यात रागाचा शब्द नको आणि मूळ कागदही देऊ नयेत. ते द्यावेच लागले तर झेरॉक्सवर पोच घ्यावी.

शेवटचा हिशेब

आता उदाहरणाचा हिशेब मांडू. २५,९६० मधून न लागणारा कर ३,९६० गेला, उरले २२,०००. विम्यातून ॲम्ब्युलन्सचे २,००० आणि आधीच्या उपचारांचे ३,००० मंजूर झाले, तर ५ टक्के वजा जाता ४,७५० मिळतील. घरचा खर्च राहिला १७,२५०. भाडे तक्त्यापेक्षा जास्त निघाले तर तो आणखी कमी होईल. आधी मुलाच्या खिशातून जाणारी रक्कम २४,०६० होती. म्हणजे दोन अर्जांनी ६,८१० रुपये वाचले. सगळे बिल माफ झाले नाही आणि तशी आशाही धरू नये. पण एवढ्यात कारागिरांची मजुरी भागते आणि गाडीवाल्याचे मनही दुखावत नाही.

आधीच करून ठेवण्यासारखे

सर्वांत स्वस्त बिल म्हणजे न आलेले बिल. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. ती मोफत आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. एका रुग्णालयातून दुसरीकडे हलवायचे असले तरी आधी तेथे फोन करावा, मगच खासगी गाडी शोधावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र तिच्या पॅकेजमध्ये प्रवास म्हणून धरलेला असतो तो घरी परतण्याचा एसटी किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचा खर्च, खासगी ॲम्ब्युलन्सचे भाडे नव्हे.

प्रत्येक मशिदीच्या जमातीने किंवा बाजारपेठेच्या संघटनेने एक कागद फलकावर लावावा : जवळच्या भरवशाच्या ॲम्ब्युलन्सचे क्रमांक, गाडीचा प्रकार आणि आरटीओचा भाडेतक्ता. ज्या मोहल्ल्यात बैतुलमालची व्यवस्था आहे तेथे अशा वेळी कर्जे-हसना म्हणून काही रक्कम राखून ठेवावी, म्हणजे रात्री दोन वाजता कुणाला सावकाराकडे जावे लागणार नाही. घरात एका पिशवीत पॉलिसीची प्रत, आधार व रेशनकार्डाच्या झेरॉक्स आणि नेहमीच्या औषधांची यादी ठेवावी. पिशवी कुठे आहे हे घरातल्या बायकांना आणि मोठ्या मुलांनाही ठाऊक असावे, कारण त्या रात्री कदाचित अंथरुणावर आपणच असू.

अल्लाह सर्वांना आरोग्य देवो. पण उंट बांधूनच तवक्कुल करावे, ही शिकवण आपल्यालाच मिळाली आहे. आज दुकान बंद करून घरी गेल्यावर पॉलिसी काढा आणि 'ॲम्ब्युलन्स' हा शब्द कुठे आहे, त्यापुढे आकडा किती लिहिला आहे, एवढे तरी वाचून ठेवा.