पाण्याची खतावणी : हिंगोली जिल्ह्यांतील गांवांच्या जलशिक्षणासाठीं विनंती

उदार व्यापारी, जमीनदार व दाते यांस सविनय कळवितों कीं, टँकरावर खर्चिलेला रुपया त्याच सायंकाळीं संपतो. तो खर्च करूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. तहानलेल्यास आधीं पाणी, मग उपदेश. परंतु निधीचा कांहीं अंश गांवकऱ्यांस पाण्याचा हिशेब शिकविण्याकडे लावावा, ही आमची मागणी आहे.

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 10,000 लिटर पाणी येतें. हिंगोलींत वर्षास सरासरीनें 800 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. 500 हेक्टरांच्या गांवीं हें 400 कोटी लिटर झालें. तेथील 2,000 वस्तीस माणशीं रोज 55 लिटर दिलें, तर वर्षाची गरज सुमारें 4 कोटी लिटर, म्हणजे अवघा शंभरावा हिस्सा! तरीही विहिरी आटतात. आपल्याकडील काळ्या पाषाणांत पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरांत व भेगांत राहतें. पुष्कळसें कयाधू-पूर्णेंतून वाहून जातें किंवा वाफ होऊन उडतें. उरलेलें किती, हें न पाहतां जो तो उपसतो. जमा न पाहतां नावें लिहिणाऱ्या पेढीची गत व्यापाऱ्यांस आम्हीं काय सांगावी?

यास्तव प्रत्येक गांवीं दोन-चार स्त्री-पुरुषांस पर्जन्यमापक वाचणें, पावसाळा सरतां विहिरींची पातळी मोजणें व त्यावरून रब्बीचीं पिकें सुचविणें शिकवावें. निवडींत स्त्रिया आधीं असाव्यात, कारण हंड्याचा भार त्यांच्याच डोक्यावर असतो. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें गांव असा ताळेबंद ग्रामसभेंत मांडून पिकें ठरवितें.

वसमतकडील प्रश्न निराळा. तेथें येलदरी-सिद्धेश्वराचें कालव्याचें पाणी आहे, तंटा वांटणीचा. 2005 च्या कायद्यानें शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांस पाणी मोजून घेण्याचा व आपसांत वांटण्याचा मार्ग खुला झाला. पण जिच्या सभासदांस मोजपट्टी वाचतां येत नाहीं, ती संस्था दुसऱ्याच्या तोंडाकडेच पाहणार. नाशिक जिल्ह्यांतील वाघाड धरणावर 1991 पासून अशा संस्था उभ्या राहिल्या, आणि शेपटाच्या शेतकऱ्यास आधीं पाणी देण्याची रीत तेथें पडली. कालव्याच्या तोंडाशीं जमीन असलेल्या सधन बांधवांनीं आपली पाळी मागें घेतली, तर तें दान आम्ही रोकडीहून मोठें समजूं. (तें मागणें अवघड आहे, हें आम्ही जाणतों.)

शिकविणारे दूर नाहींत. छत्रपती संभाजीनगर येथील जल व भूमि व्यवस्थापन संस्था 1980 पासून हेंच काम करिते. तेथें जाणाऱ्या गरीब शेतकऱ्याचा प्रवास व त्या दिवसांची बुडालेली मजुरी कोणीं तरी भरली पाहिजे.

देणगी देतांना ‘शिक्षणासाठीं’ हा शब्द पावतीवर अवश्य लिहवून घ्यावा. न लिहिल्यास ती रक्कम टँकराच्या खात्यांत जमा होईल.