पंचेचाळिशीतली बुलेट: निघण्याआधीचा हिशेब

सगळं सोडून बाइकवर कुठेतरी निघून जावं, असं चाळिशीनंतर बऱ्याच जणांना वाटतं. का वाटतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. इथे फक्त खर्च, कागद आणि वेळ. पहिला सल्ला आधीच देऊन ठेवतो: शोरूमची पायरी सगळ्यात शेवटी चढा. या हौसेत प्रवास फारसा महाग पडत नाही. महाग पडते ती दोन फेऱ्यांनंतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर पांघरून उभी राहणारी गाडी.

आधी लायसन्स बाहेर काढा आणि त्यावर ‘एमसीडब्ल्यूजी’, म्हणजे गिअरची मोटरसायकल, लिहिलंय का बघा. वर्षानुवर्षं कार चालवणाऱ्या अनेकांकडे फक्त ‘एलएमव्ही’ असतं, स्कूटरवाल्यांकडे बिनगिअरचं. त्यावर बुलेट चालवणं म्हणजे विनापरवाना चालवणं. दंड परवडेल, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. वर्ग वाढवून घेण्यासाठी ‘सारथी’ पोर्टलवर अर्ज करा. आधी शिकाऊ परवाना, मग किमान ३० दिवस थांबणं, आणि सहा महिन्यांच्या आत आरटीओत पक्की चाचणी. सगळं सरकारी शुल्क मिळून हजार-बाराशेच्या घरात जातं. एजंट याच कामाचे तीन-चार हजार सांगतो आणि चाचणी तरीही तुम्हालाच द्यावी लागते. वय ४० च्या पुढे असेल तर ‘फॉर्म १-ए’, म्हणजे डॉक्टरचं प्रमाणपत्र, लागतं. मुदतही तपासा. पन्नाशी ते पंचावन्न या वयात नूतनीकरण केलं तर परवाना साठीपर्यंत चालतो, पंचावन्ननंतर पाच-पाच वर्षांचाच मिळतो.

परवाना झाला की गाडी भाड्याने घ्या. मुंबई-पुण्यात ३५० सीसीची बाइक दिवसाला साधारण १,२०० ते १,८०० रुपयांना मिळते, अनामत वेगळी. जाहिरातीतला दर कधीच पूर्ण नसतो. रोजची किलोमीटरची मर्यादा, तिच्यापुढे प्रत्येक किलोमीटरचा आकार, दुसऱ्या हेल्मेटचे पैसे आणि उशिराचा तासाचा दंड, हे चार प्रश्न पैसे देण्याआधी विचारा. गाडीचा सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा, मालकासमोरच काढा. नंबरप्लेटही बघा. भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी ‘मित्राची आहे’ म्हणून कोणी भाड्याने देत असेल, गोव्यात हा प्रकार सर्रास चालतो, तर नको म्हणा. पोलिसांनी धरलं तर दंड आहेच, आणि अपघाताचा दावा फेटाळायला विमा कंपनीला आयतं कारण मिळतं.

पहिली फेरी लडाखची नको, सागरी महामार्गाची करा. दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्या बाइकसकट फेरीबोटीने ओलांडता येतात, त्याचे पैसे किरकोळ लागतात. चार दिवस, तीन मुक्काम, भाडं-पेट्रोल-जेवण धरून माणशी बारा ते पंधरा हजार. चौथ्या दिवशी कंबर काय म्हणते ते ऐका. एवढ्यावरच हौस फिटली, तर दोन-अडीच लाख वाचले.

फिटली नाही, तर विकत घेताना ३५० सीसीचा आकडा डोक्यात ठेवा. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यापुढच्यांवर थेट ४०. थर्ड पार्टी विम्यातही हीच रेघ. १५० ते ३५० सीसीला वर्षाचा मूळ हप्ता १,३६६ रुपये, त्यापुढे २,८०४, आणि नव्या गाडीला पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. क्लासिक ३५० चं इंजिन ३४९ सीसीचं आहे, म्हणजे ती रेघेच्या अलीकडे पडते. नवी हिमालयन ४५२ सीसीची, म्हणजे पलीकडे. महाराष्ट्रात ३०० सीसीपुढच्या बाइकवर एकरकमी रस्ता कर १२ टक्के. त्यामुळे एक्स-शोरूम दोन लाखांची गाडी रस्त्यावर येईपर्यंत अडीचच्या आसपास जाते.

कोटेशनमधली प्रत्येक ओळ वाचा. ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक्स’, ‘इसेन्शियल किट’ या ओळी काढून टाकायला सांगा. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरचा दर मागवून त्याच्यासमोर ठेवला की त्याचा दर खाली येतो. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा तुमच्या कारच्या पॉलिसीत आधीच असेल तर पुन्हा घेऊ नका. तसं लेखी द्या, हप्ता कमी होईल. आणि फटफट आवाजाचा सायलेन्सर लावायचा मोह आवरा. कायद्यात त्याला १० हजारांपर्यंत दंड आहे आणि पोलीस तो सायलेन्सर काढूनही घेतात.

कॉलेजात परवडली नाही म्हणून आता जुनी बुलेट किंवा आरएक्स १०० शोधत असाल, तर भावनेच्या भरात टोकन देऊ नका. आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, शिवाय नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. थकलेली ई-चलनं विक्रेत्याकडून आधी भरून घ्या. गाडी १५ वर्षांपुढची असेल तर फेरनोंदणी फक्त पाच वर्षांची होते, त्यावर पर्यावरण कर लागतो. मेकॅनिकचा खर्च यात धरलेला नाही, तो कोणालाच आधी सांगता येत नाही.

अंगावरच्या सामानात काटकसर करायची तर हेल्मेट सोडून करा. आयएसआयची खूण असलेलं पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट तीन-चार हजारांत चांगलं मिळतं. जॅकेट, हातमोजे, गुडघ्याचे गार्ड आणि बूट मिळून पंधरा हजारांच्या आत बसवा. लेहमध्ये जॅकेट भाड्यानेही मिळतं.

आता लडाख. शेवटी तिथेच जायचं असतं, हे ठरलेलं. जायच्या तीन तऱ्हा. पहिली, घरापासून चालवत: जाऊन-येऊन, तिथलं फिरणं धरून साडेपाच-सहा हजार किलोमीटर, पेट्रोलच वीस हजारांचं. मुक्काम, जेवण, आधीची-नंतरची सर्व्हिसिंग, टायर धरले की सत्तर हजार आणि १८ ते २० दिवस. राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल नाही, ही जमेची बाजू. मात्र समृद्धी आणि दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्गांवर दुचाकीला प्रवेशच नाही, म्हणून नकाशातला सगळ्यात लवकर पोचवणारा रस्ता तुमचा नाही. दुसरी तऱ्हा, विमानाने लेह आणि तिथे गाडी भाड्याने: दहा दिवस, साठ ते पासष्ट हजार. म्हणजे खर्चात फार फरक नाही, रजेत मात्र निम्म्याचा आहे.

तिसरी तऱ्हा रेल्वेची. बाइक दिल्ली, चंदीगड किंवा जम्मूपर्यंत रेल्वेने पाठवा, पुढे चालवा. एका वाटेचे पॅकिंगसह पाच ते आठ हजार धरा. आरसी आणि विम्याची प्रत, ओळखपत्र, आणि रिकामी टाकी लागते. म्हणून स्टेशनवर पोचताना पेट्रोल तळालाच असू द्या, काढलेलं पेट्रोल परत मिळत नाही. त्याच गाडीचं तिकीट असेल तर ‘लगेज’ म्हणून नोंदवा, नाहीतर ‘पार्सल’ कधी पोचेल याचा भरवसा नसतो. एक दिवस आधी जा. आरसे काढून सोबत ठेवा. पॅकिंगवाला आणि हमाल खासगी असतात, दर आधी ठरवा, रेल्वेच्या पावतीत तो धरलेला नसतो. पोचल्यावर लगेच सोडवून घ्या, मोफत वेळ संपली की तासावर वारफेज, म्हणजे उशिराचा आकार, चढतो.

इथे फसायच्या जागा बऱ्याच आहेत. मनाली किंवा श्रीनगरहून भाड्याने घेतलेली बाइक पँगाँग-नुब्राकडे नेता येत नाही, स्थानिक संघटना अडवते. मग लेहमध्ये दुसरी घ्यावी लागते आणि भाडं दुप्पट होतं. स्वतःच्या गाडीला ही अडचण नाही, पण आरसी तुमच्या नावावर हवी. २०२१ पासून भारतीयांना इनर लाइन परमिट लागत नाही, तरीही ऑनलाइन नोंदणी आणि पर्यावरण शुल्क आहेच. ‘परमिट काढून देतो’ म्हणणाऱ्याला दोन हजार देऊ नका. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, महिनाभर आधी पोस्टपेड करून घ्या. मनाली-लेह वाटेवर तांडीच्या पंपावर टाकी भरा, पुढच्या पंपाचं अंतर ३६५ किलोमीटर असल्याची पाटी तिथे प्रसिद्ध आहे. पाच लिटरचा कॅन सोबत हवाच.

लेह साडेतीन हजार मीटरवर, खारदुंगला ५,३५९ वर. विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस खोलीचं भाडं भरून नुसतं पडून राहायचं, हे बजेटमध्ये धरा, वाचवू नका. निघण्याआधी स्ट्रेस टेस्टसह तपासणीचे तीन ते सहा हजार खर्च करा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी डॉक्टरला विचारूनच घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा.

आणि रजा. अर्जित रजा शिल्लक नसेल तर बिनपगारी वीस दिवस हा सगळ्यात मोठा आकडा, तो कोणी यादीत लिहीत नाही. घराचा हप्ता आणि फी थांबत नाहीत. नॉमिनीची नावं आणि पॉलिसींची फाइल घरात कुठे आहे, ते निघण्याआधी सांगून जा.

हंगाम जून ते सप्टेंबर. जून-जुलैत बर्फाचं पाणी रस्त्यावर येतं, ओढे दुपारनंतर फुगतात, शिवाय खोल्यांचे दर चढलेले असतात. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा स्वस्त आणि कोरडा. त्यासाठी लायसन्सचा अर्ज जूनमध्येच टाका, चाचणीची तारीख मिळायला तीस दिवसांपेक्षा जास्तही लागतात.