स्पर्शविरहित कार्ड : भीती कोठे आणि धोका कोठे?

नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा असो वा लातूरची गंजगोलाई, गर्दीच्या ठिकाणी खिसा सांभाळावा ही शिकवण मराठवाड्यातील घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या दिली जात आली आहे. खिशातील नोटांची जागा आता काही प्रमाणात बँकेच्या कार्डाने घेतली आहे आणि भीतीचे स्वरूपही त्याबरोबर पालटले आहे. दुकानातील यंत्राजवळ नुसते धरताच पैसे चुकते करणारे कार्ड कोणी गर्दीत खिशाबाहेरूनच वाचील व खाते रिकामे करील, अशी शंका सुशिक्षितांकडूनही व्यक्त केली जाते. ही शंका सर्वस्वी निराधार नाही. तथापि तिच्यापायी खऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक आहे. म्हणूनच या कार्डाचे कार्य व ग्राहकाचे हक्क समजून घेणे अगत्याचे आहे.

कार्डाचे कार्य

ज्या कार्डावर लहरींसारख्या चार वक्ररेषांचे चिन्ह असते, ते स्पर्शविरहित कार्ड होय. त्याच्या आत तारेचे बारीक वेटोळे व एक चिप असते. कार्डाला स्वतःची बॅटरी नसते. दुकानातील यंत्राकडून येणाऱ्या रेडिओलहरींतूनच त्याला शक्ती मिळते. त्यामुळे कार्ड यंत्रापासून साधारणतः तीन-चार सेंटीमीटर अंतरावर आणावे लागते.

प्रत्येक व्यवहारासाठी चिप एक नवा सांकेतिक अंक तयार करते. तो एकदाच उपयोगी पडतो; कोणी तो टिपून ठेवला तरी दुसऱ्या खरेदीसाठी चालत नाही. पिन आणि कार्डाच्या पाठीवर छापलेले तीन अंक या लहरींतून बाहेर जात नाहीत. काही कार्डांचा क्रमांक व मुदतीची तारीख मात्र जवळून वाचता येऊ शकते. परंतु भारतातील ऑनलाइन खरेदीस सामान्यतः ओटीपीसारखी दुसरी खातरजमा लागत असल्याने केवळ एवढ्या माहितीवर चोराचे काम भागत नाही.

गर्दीत स्वाइप मशीन घेऊन फिरणाऱ्या चोराचीही अडचण असते. असे यंत्र मिळविण्यासाठी व्यापाऱ्याला आपली ओळख व बँक खाते नोंदवावे लागते आणि वळते झालेले पैसे त्याच खात्यात जमा होतात. माग काढणे त्यामुळे शक्य होते. झ्युरिक येथील तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये काही कार्डांच्या बाबतीत पिनची अट चुकविता येते, असे प्रयोगाने दाखविले. पण त्यासाठीही कार्ड हाती लागलेले किंवा अगदी जवळ असावे लागते.

खरा धोका

पहिला धोका हरवलेल्या कार्डाचा आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये अशा कार्डावर पिनशिवाय २,००० रुपयांपर्यंतच्या खरेदीस मुभा दिली आणि १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा ५,००० रुपये केली. कार्ड ज्याच्या हाती पडेल त्याला तेवढी खरेदी करता येते. दिवसात असे किती व्यवहार होऊ द्यावयाचे, यावर बँका बंधन घालतात. तरीही पेरणीच्या दिवसांत एवढी रक्कम जाणे लहान शेतकऱ्याला परवडणारे नाही. लातूरला शिकावयास येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांजवळ वडिलांचे कार्ड असते. वसतिगृहात ते हरवले, तर पिन गुप्त ठेवल्याचे समाधान पुरेसे ठरत नाही.

दुसरा धोका दूरध्वनीवरून येतो. "आपले कार्ड बंद होणार आहे, आलेला ओटीपी सांगा," असे म्हणणाऱ्यास कार्डाजवळ यावेही लागत नाही.

दोन घटनांचा बोध

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये लुबाडले गेले. बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील एटीएम यंत्रांतून पैसे काढण्यात आले. जानेवारी २०२१ मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून १४ कोटींहून अधिक रक्कम परस्पर वळती झाली. या दोन्ही घटनांत कोणा ग्राहकाच्या खिशातील कार्ड लहरींनी वाचले गेले नव्हते. आघात झाला तो बँकांच्या व्यवहारयंत्रणेवर. अशा प्रसंगी बँकेची त्रुटी सिद्ध झाल्यास ग्राहकावर भार पडू नये, हे तत्त्व रिझर्व्ह बँकेने मान्य केले आहे.

तीन दिवसांचे महत्त्व

६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या दायित्वाचे नियम ठरवून दिले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही ते लागू केले. चूक बँकेचीही नाही व ग्राहकाचीही नाही, अशा फसवणुकीची सूचना बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत दिल्यास ग्राहकाचे दायित्व शून्य ठरविण्यात आले. संदेश मिळाल्याचा दिवस यात धरला जात नाही. चार ते सात दिवसांत सूचना दिल्यास त्याचे दायित्व मर्यादित राहते. मूलभूत बचत खात्यासाठी ही मर्यादा ५,००० रुपये ठेवण्यात आली. सात दिवसांनंतर बँकेचे धोरण लागू होते. मात्र ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचेच.

येथेच आपल्या भागातील एक अडचण आडवी येते. खाते वडिलांच्या नावाचे, पण नोंदलेला मोबाइल क्रमांक पुण्यास कामाला गेलेल्या मुलाचा किंवा केव्हाच बंद पडलेल्या सिमचा, असे अनेक घरांतून आढळते. बँक संदेश पाठविते, पण तो खातेदारापर्यंत पोहोचत नाही. पासबुक भरून घेण्यास तो महिन्याने बँकेत जातो, तेव्हा त्याला चोरी कळते. तोवर मुदतीविषयी वादाला तोंड फुटलेले असते. कार्डातील लहरींपेक्षा हा जुना क्रमांक अधिक घातक ठरतो.

गावपातळीवर काय करता येईल?

नव्या कार्डावर स्पर्शविरहित सुविधा ग्राहकाने मागितल्याखेरीज सुरू करू नये, असा निर्देश रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये दिला. ही सुविधा बंद करणे अथवा तिची मर्यादा कमी करणे ग्राहकाच्या हाती आहे. बँकेच्या मोबाइल ॲपवरून अथवा एटीएमवरून ते करता येते. न जमल्यास शाखेत साहाय्य मागावे. ज्याला सुविधेची गरज नाही, त्याने ती बंद ठेवणे हितावह होय.

सरपंच, सदस्य व ग्रामसेवकांनी ग्रामसभेत प्रत्येक खातेदाराला एकच प्रश्न विचारावा : बँकेत नोंदलेला मोबाइल क्रमांक आज चालू आहे काय आणि तो कोणाजवळ आहे? शिक्षकांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडून घरच्या खात्याविषयी हीच विचारणा करवावी. कार्ड बंद करण्यासाठीचा बँकेचा दूरध्वनी क्रमांक कार्डावर न ठेवता घरातील वहीत लिहून ठेवावा. कारण कार्ड हरविले की त्यावरील क्रमांकही जातो. फसवणूक होताच प्रथम बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्यावा आणि विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा. रक्कम पुढे वळती होण्यापूर्वी ती रोखून धरण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

गर्दीत खिसा सांभाळण्याची जुनी शिकवण आजही खरी आहे. तिला चालू मोबाइल क्रमांकाची आणि तीन दिवसांच्या हिशेबाची जोड दिली, तर अचानक ओढवलेल्या नुकसानीतही सामान्य खातेदाराचे पैसे परत मिळण्याचा मार्ग खुला राहील.