छकुलीचं नाव त्या कागदात नको

सातारा

चि. रोहन यास,


काल अक्काचा, तुझ्या आईचा, फोन आला. तिनं जे सांगितलं ते ऐकल्यापासून मला चैन नाही, म्हणून हे पत्र. फोनवर तू "हो मामा, बघतो मामा" म्हणून ठेवून देतोस. कागद तरी पुरता वाचशील.

अक्का म्हणाली, तुझ्या नव्या वकिलांनी कैफियतीत तुझ्या लेकीच्या, छकुलीच्या डीएनए तपासणीची मागणी घालायचं ठरवलंय आणि तूही त्याला मान हलवलीस. "एकदा हे टाकलं की समोरचे आकड्यावर येतात," असं तिला कुणीतरी पटवलंय. रोहन, हे खरं आहे का? खरं असेल तर तो कागद दाखल व्हायच्या आत थांबव. तुझ्या मनात तसा संशय कधीच नव्हता, हे आपल्या घरातल्या लहानथोरांना ठाऊक आहे. पोरीचं कपाळ न् नाक थेट अक्काचं आहे. जे तुला स्वतःला खरं वाटत नाही, त्याखाली "हे माझ्या माहितीप्रमाणे खरे आहे" अशी सही तू कशी करणार?

तुझ्यावर अन्याय झालाय हे मी नाकारत नाही. तुझ्या बायकोनं, स्नेहलनं केलेल्या फिर्यादीची प्रत मी दोनदा वाचली. कोल्हापूरची ताई, जी लग्नानंतर तुमच्या फ्लॅटवर पाहुण्यासारखी आली न् गेली, तिचंही नाव त्यात आहे. भावजींचं आहे, बायपास झालेल्या माणसाचं. "सर्वांनी मिळून शारीरिक व मानसिक छळ केला" हे वाक्य मी जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार असताना इतक्या फिर्यादींत वाचलंय की त्यातला स्वल्पविरामसुद्धा बदलत नाही. ठाण्याच्या बाहेर बसून कुणीतरी सांगतो आणि दुःखानं बधिर झालेली मुलगी सही करते. मग एका भांडणाचे चार खटले होतात. छळाची फिर्याद एकीकडं, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज दुसरीकडं, पोटगी तिसरीकडं, घटस्फोट चौथीकडं. चार ठिकाणी चार तारखा. नोकरी करणारा माणूस त्यातच पिचतो, आणि तो पिचेल याच हिशोबानं तडजोडीचा आकडा सांगितला जातो. हे घडतं. 2005 साली सर्वोच्च न्यायालयानं छळाचं 498अ कलम वैध ठरवलं, पण त्याच निकालात या गैरवापराला कायद्याचा दहशतवाद असं कठोर नाव दिलं. 10 डिसेंबर 2024 च्या निकालातही न्यायालयानं बजावलं की ठोस आरोप नसताना नवऱ्याच्या सगळ्या गोताला ओढून आणू नये.

म्हणून कायदा तुझ्या बाजूनं काहीच देत नाही, असं जे तुझ्या डोक्यात बसलंय ते आधी काढ. छळाच्या कलमाला शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. जुनं 498अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 85. जुलै 2014 मध्ये बिहारच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशा गुन्ह्यांत फिर्याद आली की उचलून आत टाकायचं नाही. अटक का हवी याची कारणं पोलिसांनी लिहायची, नाहीतर नोटीस देऊन बोलवायचं. तुला आली ती तीच नोटीस. तिला घाबरून मोबाईल बंद करून कोकणात जाऊन राहा, असं सांगणारे मित्र मित्र नव्हेत. ठरल्या वेळी हजर राहा, जबाब दे, पोच घे. ताई आणि भावजींसाठी मुंबई उच्च न्यायालयात फिर्याद रद्द करायचा अर्ज करता येतो. नातेवाइकांवर नुसते मोघम आरोप असतील तर खटला चालवू नये, असं 2022 मध्येही सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय. वेळ लागेल, पण रस्ता आहे.

आता एक बोचरी गोष्ट. फिर्यादीतलं सगळंच खोटं आहे असं म्हणत फिरू नकोस. तुमच्या लग्नाची याद माझ्या हातची आहे. हुंडा मागितला नव्हता, हे मी कुठंही सांगेन. 1961 च्या कायद्यानं हुंडा घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा आहे, आणि 1985 च्या नियमांप्रमाणे भेटवस्तूंची सह्यांनिशी यादी करायची असते, म्हणून मी ती नीट लिहिली, दोन्हीकडच्या सह्या घेतल्या. पण पहिल्या दिवाळसणाला अक्का मानपानावरून काय बोलली, ते मी माजघरात बसून ऐकलंय. जावयाला अंगठी हलकी घातली म्हणाली, आणि स्नेहल भांडी उचलत होती. तू मोबाईलमध्ये मान घालून बसलास. मला सांग, त्या पोरीनं तो दिवस फिर्यादीत घातला तर तो खोटा कसा? त्याचा छळ झाला की नाही हे न्यायाधीश ठरवतील. पण तू "असं काहीच घडलं नाही" म्हणालास तर तुझी पुढची खरी वाक्यंही कुणी धरणार नाही. जे घडलं ते घडलं म्हण. जे घडलं नाही ते ठामपणे नाकार. तिचे दागिने यादीप्रमाणे मोजून, पावती घेऊन परत कर, ते तिचं स्त्रीधन आहे. कुणीतरी तुला ते अडकवून ठेवायला सांगितलंय असंही कानावर आलं. नको.

आणि छकुलीचं नाव त्या कागदात नको.

यात कायदाही तुझ्या वकिलांच्या बाजूनं नाही. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच, असं कायदा धरून चालतो. त्या काळात दोघांचा संबंधच येऊ शकला नाही एवढं सिद्ध केलं तरच ते मोडतं. तुम्ही पुण्यात वाकडला एकाच घरात राहत होतात. फेब्रुवारी 2023 मध्ये पुण्याच्याच कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मुलाची डीएनए तपासणी नाकारली. खालच्या न्यायालयानं ती मंजूर केली होती, उच्च न्यायालयानं कायम केली होती, तरीही. आईबापांच्या भांडणात मुलाला मधे घालून त्याच्या जन्मावर प्रश्न उभा करायचा नाही, हा त्या निकालाचा गाभा. आणि 2003 चा एक निकाल आहे. नवऱ्यानं कैफियतीत बायकोच्या चारित्र्यावर घाण आरोप केले आणि पुढं दुरुस्ती करून ते काढून टाकले. न्यायालय म्हणालं, आरोप करणं हीच क्रूरता झाली, काढून टाकल्यानं ती पुसली जात नाही. म्हणजे उद्या तू ही मागणी टाकलीस की तिच्या हातात आज नसलेलं कारण तू स्वतः देशील. हे तुझ्या वकिलांना विचार. ते काय उत्तर देतात ते मला कळव.

पण कायदा बाजूला ठेवून तुला एक सांगायचंय. कुसुमचं. घरात तिचं नाव निघालं की सगळे विषय बदलतात, त्यामुळं तुला अर्धंच माहीत असणार. कुसुम माझी चुलत बहीण, तुझ्या आईच्या बरोबरीची. लग्नात ठरलेल्या पैशांतले काही राहिले होते, त्यावरून सासरी बोलणी, मग मारहाण. ती माहेरी आली की तिचे वडील, आबा, तिला चार दिवस ठेवायचे आणि परत पाठवायचे. शेवटच्या वेळी तिला सोडायला मी गेलो होतो. कॉलेजात होतो तेव्हा. एसटीत ती खिडकीशी बसली होती, बाही वर सरकली तेव्हा दंडावर वळ दिसले. मी पाहिले आणि तिनं मी पाहिलेलं पाहिलं. मी काही बोललो नाही. दिवाळीनंतर खबर आली, स्टोव्हचा भडका उडाला म्हणून.

पोलिसांनी आबांना विचारलं, त्यांनी "तक्रार नाही" म्हणून सांगितलं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही गेलो नाही. ही गोष्ट 1983 च्या आधीची, म्हणजे 498अ आलं त्याच्या आधीची. हुंडाबळीचं वेगळं कलम तर 1986 मध्ये आलं. 1982 मध्ये पुण्यात एका विवाहितेचा मृत्यू झाला आणि त्यातून नारी समता मंचाच्या बायांनी "मी एक मंजुश्री" हे प्रदर्शन गावोगाव नेलं. मी ते पाहायला गेलो होतो आणि अर्ध्यातून बाहेर आलो, कारण प्रत्येक चित्रात कुसुम दिसत होती. म्हणून कचेरीत लोक या कायद्याला शिव्या द्यायचे तेव्हा मला त्यांच्यात बसवत नसे. आरोपी सुटला की "खोटी केस होती" म्हणायचे. तसं नसतं रे. साक्षीदार उलटतात, बापाला तडजोड हवी असते, मुलीला पुढं जगायचं असतं, म्हणूनही खटले पडतात. खोट्या फिर्यादी असतात, मी त्या हाताळल्यात. पण कुणाचीही फिर्याद नसलेली कुसुम मी पाहिली आहे.

हे तुला का सांगतोय? कुसुम गेल्यावर तिच्या सासरच्यांनी स्वतःला वाचवायला एकच गोष्ट पसरवली. तिची चालचलणूक बरी नव्हती. कुठं लिहून नाही, नुसतं तोंडी, गावात. कुसुमला ते ऐकायला लागलं नाही. ऐकलं मीनानं, तिच्या लेकीनं. शाळेत ऐकलं, पुढं लग्नाची बोलणी दोनदा त्याच एका वाक्यावर मोडली. तुझी मीनाताई आज हसून बोलते, पण ती कुणाच्याही लग्नाला का येत नाही हे तू कधी विचारलं नसशील. ते नुसतं गावात बोललं गेलेलं वाक्य होतं. तुझं तर न्यायालयाच्या दप्तरात राहणार. नक्कल मागता येते. छकुली वीस वर्षांची होऊन ती मागेल तेव्हा अर्जदार आणि सामनेवाला कोण ते वाचेल, आणि खाली तुझी सही.

मी फार बोललो. रागावून बोललो, तेही कळतंय. तू दुष्ट नाहीस. तू घाबरलायस आणि थकलायस, आणि घाबरलेल्या माणसाला हातात येईल तो दगड उचलावासा वाटतो. अक्का म्हणते तू रात्र रात्र जागा असतोस, तेच ते व्हिडिओ बघत. डिसेंबर 2024 मध्ये अशाच खटल्यांत अडकलेल्या बंगळुरूच्या त्या इंजिनियरनं जीव दिला, त्याचे व्हिडिओ तू किती वेळा पाहिलेस? मला खरं भय त्याचं आहे. डीएनएच्या मागणीवर मी इतका ओरडतोय, पण अक्का त्या व्हिडिओंचं बोलली तेव्हा मला उभं राहता येईना. रोहन, ही केस आहे. केस संपते. मी आयुष्यभर केसेस संपताना पाहिल्यात, भांडून, तडजोडीनं, कंटाळून. संमतीनं घटस्फोटाला सहा महिन्यांची मुदत असते, 2017 पासून योग्य प्रकरणात न्यायालय तीही माफ करू शकतं. मध्यस्थी असते, समुपदेशक असतात. स्नेहल परत येईल की नाही मला माहीत नाही. न आली तरी तू पस्तिशीचाही नाहीस, आणि छकुलीला बाप लागणार आहे, तिच्या भेटीचा अर्ज करायला तू लागणार आहेस. तो अर्ज कर. डीएनएच्या जागी तो अर्ज कर. शनिवार-रविवार भेट मागणारा बाप न्यायाधीशाला वेगळा दिसतो, आणि पोरीलाही.

रात्री डोक्यात नको ते आलं तर मला उठव. म्हातारपणाची झोप हलकीच असते, मला त्रास नाही होत. मी नाही उचलला तर टेलि-मानसचा 14416 नंबर आहे, सरकारी आहे, कधीही लागतो, मराठीत बोलतात. त्यात लाज काही नाही. मामीनं लसणाची चटणी आणि मेतकूट बांधून ठेवलंय. बाहेरचं खाऊन तू वाळलायस म्हणे.

अक्काशी मी बोललोय. दिवाळसणाचंही बोललो. आधी रडली, मग म्हणाली, स्नेहलपाशी चार शब्द बोलायची वेळ आली तर बोलेन. तू तिच्यावर आता चिडू नकोस.

पुढची तारीख कैफियतीची आहे. त्याआधी रविवारी साताऱ्याला ये, मसुदा घेऊन ये. मी एक-एक ओळ वाचतो. खरी असेल ती ठेवू, नसेल ती खोडू. आणि ती एक मागणी वकिलांना आजच फोन करून काढायला सांग.

तुझा,
मामा