देवमाशांची शिरगणती

प्रश्न : आदिवासींचे पारंपरिक ज्ञान आणि विज्ञान यांची सांगड घालायला हवी, असे हल्ली प्रत्येक परिसंवादात ऐकू येते. ती कुठे घातली गेली आहे का, की हे नुसते टाळ्यांचे वाक्य?
— एक वाचक, सातारा

उत्तर : टाळ्यांचे वाक्य तर आहेच. पण अलास्काच्या उत्तर टोकाला उत्कियागविक (तेव्हाचे बॅरो) गावी ते खरे झाले, आणि तेही भांडणातून.

१९७७ साली आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने तिथल्या इनुपियाट लोकांना बोहेड देवमाशाची शिकार बंद करायला सांगितले. देवमासे फार तर दोन हजार उरलेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. शिकारी म्हणाले, तुमची मोजणीच चुकली. ती व्हायची कशी, तर बर्फाच्या कडेला बसायचे आणि समोरच्या मोकळ्या पाण्यातून जाणारे मासे मोजायचे. शिकाऱ्यांचे म्हणणे असे, की बोहेड बर्फाखालूनही जातो, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतो. शिवाय कितीतरी मासे किनाऱ्यापासून लांबून, नजरेच्या टप्प्याबाहेरून जातात.

टॉम अल्बर्ट या पशुवैद्यक शास्त्रज्ञाने हॅरी ब्रॉवर या जुन्या शिकाऱ्याचे हे बोलणे मनावर घेतले. त्याने मान डोलावली नाही की नाक मुरडले नाही; ते तपासायचे ठरवले. बर्फाखाली पाण्यात मायक्रोफोन सोडले, विमानातून पाहणी झाली. पैसा स्थानिक प्रशासनाचा, म्हणजे तिथल्या तेल उद्योगाकडून मिळणाऱ्या कराचा. शास्त्रज्ञ नेमणारे गावचेच होते, हे मला यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. पाण्याखालून आवाज येत होते, तेही किनाऱ्यावरून एक मासा दिसत नसताना! पुढे अंदाज वाढत गेले. २०११ च्या मोजणीत आकडा सुमारे १७ हजारांवर पोचला. (मधल्या काळात मासे खरोखर वाढलेही होते, सगळे श्रेय सुधारलेल्या मोजणीला देऊ नये.)

म्हणजे कुठे शोधायचे ते शिकाऱ्यांना ठाऊक होते, आणि किती ते यंत्रांनी सांगितले. आयोगापुढे आकड्याशिवाय नुसते शहाणपण चालले नसते.

वासाची गोष्टही अशीच. देवमाशाला धुराचा वास येतो, हे शिकारी पूर्वीपासून सांगत. देवमाशांना वासाची जाण जवळपास नसते, असे पुस्तके म्हणत. शिकार झालेल्या बोहेडचे मेंदू शिकाऱ्यांनीच तपासायला दिले, आणि २०१० साली प्रसिद्ध झाले, की त्यात वास ओळखणारा भाग चांगला वाढलेला आहे.